पहिलं ताट

साराक्कांच्या स्मरणाच्या प्रार्थनेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उभी राहिले, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, "आक्का लय चांगल्या हुत्या," एवढं म्हणाले आणि खाली बसले. पलूसजवळच्या त्यांच्या गावातलं ते लहानसं चर्च माणसांनी भरलं होतं. पहिल्या रांगेत आमच्या वसतिगृहाच्या मोठ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून माझ्याकडं मायेनं पाहिलं. त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही. ते रडू नव्हतं.

तिथं जे बोलायला हवं होतं ते मी इथं लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. आमचं गाव माणदेशात. पाऊस सरला की मेंढरांमागं अख्खं घर निघायचं आणि शाळा गावात राहायची. पण अक्षर मोडू दिलं नाही. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, कागदावर मात्र थोडंफार उघडतं. लेकीची अर्धी कोरी वही आहे, तीच घेतली आहे.

पाचगणीला मुलींच्या एका वसतिगृहात मी स्वयंपाकाला लागले तेव्हा साराक्का तिथं पंचवीस वर्षं जुन्या होत्या. बुटक्या, रुंद, जाड भिंगांचा चष्मा. वाफेनं चष्मा धुरकटला तरी पुसायच्या नाहीत. म्हणायच्या, "भाजी कानानं बी कळती." कंबरेला पिठाच्या पोत्याचं कापड गुंडाळलेलं असायचं. मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवताना त्या भक्तीची गाणी म्हणायच्या आणि सूर कधी म्हणजे कधी लागायचा नाही. मुली खिडकीतून ओरडायच्या, "आक्का, आमटी नासंल!" त्यावर त्या आणखी मोठ्यानं म्हणायच्या.

शेगडी पेटवण्याआधी हात जोडायच्या नाहीत, नुसत्या ओट्याला हात टेकून उभ्या राहायच्या. "बापा, आज पण तुझ्यासमोरच हाय," एवढंच म्हणायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणी आलं की काय. मी मागं वळून पाहिलं.

त्यांची एक रीत होती. स्वयंपाक झाला की मुलींची घंटा व्हायच्या आधी त्या एक ताट वाढून घ्यायच्या. सगळं थोडं थोडं. ते खायच्या आणि पाटावर बसून राहायच्या. सूपभर तांदूळ निवडून होईपर्यंत कुणाला वाढू द्यायच्या नाहीत. ह्याला त्या पहिलं ताट म्हणायच्या. "लेकरांच्या आदी माझ्या पोटात," त्या सांगायच्या. शिवाय प्रत्येक पदार्थाची एक वाटी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झाकून ठेवायच्या. कुणाला काही झालं तर डॉक्टरांना दाखवायला. त्यांच्या पंचवीस वर्षांत कुणाला काही झालं नव्हतं, तरी वाटी रोज ठेवलेली असायची.

एकदा समितीचे एक बडे साहेब जेवायला आले. मोठ्या बाईंची गडबड उडाली होती. साहेब थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "काय मावशी, भूक लागलीय, वाढा पटकन."

आक्का पाटावर बसल्या होत्या, ताट रिकामं करून. बसल्याबसल्याच म्हणाल्या, "साहेब, धा मिंटं."

"तयार आहे ना सगळं?"

"तयार हाय. पर मी अजून जित्ती हाय का न्हाई ते कळायचंय."

साहेब हसले, पण मोठ्या बाईंचा चेहरा पडला. साहेब गेल्यावर त्यांनी आक्कांना बोलावून सुनावलं. मी दाराआड होते. तिथून सगळं ऐकू येत होतं. आक्का परत आल्या आणि कांदा चिरायला बसल्या.

"आक्का, तुमास्नी भ्या वाटत न्हाई व्हय मोठ्या बाईंचं?"

"न्हाई गं. माझं भ्या एका ठिकाणी खर्चून झालंय. दुसरीकडं द्यायला उरतच न्हाई."

तेव्हा मला ते गमतीचं वाटलं. कारण आक्का देवाला भितात हे सगळ्यांना माहीत होतं. स्वतःच सांगायच्या, "मी देवाला भिणारी बाई हाय." मला वाटायचं, त्यांचा देव फार कडक असणार. माझ्या माहेरी देवाला भिणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. नवस बोलायचा आणि विसरायचा नाही. विसरलं की मेंढरू मरणार, नाहीतर पोर आजारी पडणार. मी आजही तसंच भिते. म्हणून एक दिवस विचारलं, "आक्का, तुमचा देव लय कडक हाय काय वं?"

त्या हसून हसून ठसकल्या. "कडक? लय मायाळू हाय गं. म्हणून तर भ्या वाटतं."

मला काही उमगलं नाही. तेव्हा त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. "माझी आई लय मारायची. चुलीतलं लाकूड काढून मारायची. आईला मी कवाच भ्याले न्हाई. मार खायाचा आन पळायचं. पर बा कवा बोटानं बी शिवला न्हाई मला. एकदा मी पेरू चोरले शेजारच्या रानातनं. बा म्हणला, 'सारू, तू न्हवंस न्हवं?' मी म्हणलं, न्हाई. त्यानं इस्वास ठिवला. त्या रानवाल्याशी भांडून आला माझ्यापायी. मग दुसऱ्या कुणी सांगितलं त्याला. त्यो मला काय बोलला न्हाई. जेवला न्हाई निस्ता. ताटावरनं उठला. त्या दिवसापासनं मी बाला भ्यायला लागले. त्यो मारंल म्हणून न्हवं. त्यो परत ताटावरनं उठंल म्हणून." मग चाकूनं कांद्याची सालं बाजूला सारून म्हणाल्या, "देवाचं भ्या तसलं असतंय. शिक्षेला भिणारा माणूस दार लावून घेतो. हे भ्या दार उघडं ठिवायला लावतंय."

वसतिगृहात एक मेट्रन होत्या. मुलींनी काही केलं की म्हणायच्या, "देव बघतोय, शिक्षा करील." एका लहान मुलीनं जॅमच्या बरणीत बोट घातलं, तेव्हा तिला त्यांनी इतकं घाबरवलं की ती रात्रभर अंथरूण ओलं करत राहिली. सकाळी आक्कांनी मेट्रनला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "बाई, रागावा, कान धरा, ताटली घासायला लावा. पर देवाचं बुजगावणं करू नगा. बुजगावण्याला पाखरं चार दिस भित्यात, मग त्याच्याच डोस्क्यावर बसत्यात." आणि त्या मुलीला हाताशी घेऊन तिच्याकडून बरणी पुसून घेतली. वर चमचाभर जॅम दिला.

ह्या सगळ्या गोष्टी मी जवळून पाहिल्या. ऐकल्या. इतकी वर्षं त्यांच्या बाजूला उभी राहून पोळ्या लाटल्या. आणि तरी मी जे केलं ते केलं.

इस्टरच्या आधी त्या लोकांचे उपवासाचे चाळीस दिवस असतात. त्यांतले शुक्रवार आक्का संध्याकाळपर्यंत कडकडीत धरायच्या, पाणीसुद्धा नाही. आणि दुपारी चर्चमध्ये प्रार्थनेला जायच्या. त्या शुक्रवारांना पहिलं ताट माझ्याकडं असायचं. "आज तुझ्या पोटात," त्या जाताना सांगायच्या.

त्या शुक्रवारी खिचडी आणि कढी होती. मुलींच्या परीक्षा चालू होत्या, जेवायला नेहमीपेक्षा कमी वेळ होता. स्टीलचं मोठं पातेलं खिचडीत अडकलं होतं. कोपऱ्यात पितळेचं एक जुनं पातेलं पालथं घातलेलं होतं. त्याच्या आतली कल्हई उडाली होती. कल्हईवाला आता वर्षातून एकदा आला तर येतो, म्हणून आक्कांनी त्याच्या कानाला लाल फडकं बांधून ठेवलं होतं. फडकं म्हणजे ह्याला हात लावायचा नाही. पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, हे लहान पोरीलाही कळतं. मलाही कळत होतं. मी मनात म्हटलं, थोडा वेळ तर ठेवायचं आहे. सकाळी आक्का कोठीत धान्य मोजत होत्या तेव्हा फडकं सोडून ताक त्यात ओतलं, बेसन कालवलं, आणि दुसऱ्या कामाला लागले. थोडा वेळ म्हणता म्हणता दोन तास झाले. आक्का चर्चला गेल्या आणि मी त्यातच कढी उकळली.

मग वाटीत थोडी कढी घेतली. पहिल्या चमच्यालाच जीभ आखडली. तांब्याचा पैसा तोंडात धरल्यासारखी चव.

मला कळलं. हे मी लिहून ठेवते. मला कळलं होतं.

बाहेर मुलींच्या रांगा लागल्या होत्या. मेट्रन दारातून ओरडत होत्या, "सुभद्रा, अजून किती? पेपर आहे पोरींचा!" ऐंशी मुलींची कढी ओतून द्यायची म्हणजे सगळ्यांसमोर सांगावं लागणार. का ओतली, कशात केली होती, फडकं दिसलं नाही का. मोठ्या बाई येणार, विचारणार, सगळे बघणार. मी तोंड उघडलं आणि त्यातून शब्द आले, "झालंय. वाढते."

कढी स्टीलच्या बादल्यांत ओतली. पितळेचं पातेलं घासून, पुसून कोपऱ्यात पालथं घातलं, फडकं बांधलं. माझी वाटी धुऊन फळीवर ठेवली. त्या दिवशी झाकून ठेवायची वाटी मी भरलीच नाही.

तासाभरात मुली ओकायला लागल्या. परीक्षेच्या बाकांवर, वऱ्हांड्यात, नळापाशी. बऱ्याच जणी संध्याकाळपर्यंत सावरल्या. तिघींना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांतल्या अश्विनीला दोन दिवस सलाईन होतं. तिचे वडील फौजेत, दूर सीमेवर. फोनवर त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. अश्विनीचा एक पेपर बुडाला आणि तिचं ते वर्ष बिघडलं. वर्षाच्या शेवटी तिला घरच्यांनी परत नेलं.

शनिवारी ऑफिसात बोलावणं आलं. मोठ्या बाई, डॉक्टर, समितीचे दोघे. डॉक्टर म्हणाले, दही खराब असावं. वाटी कुठं आहे विचारलं. त्या दिवशीची वाटी नव्हतीच. मग मोठ्या बाईंनी मला विचारलं, "सुभद्रा, तुम्ही चाखली होती ना कढी?"

"व्हय."

"कशी होती?"

"बरी हुती."

दोन शब्द. स्मरणाच्या प्रार्थनेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मला हेच दोन आठवले.

आक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "बाई, पहिलं ताट माझं काम. मी देवासाठी उपास धरला आन लेकरांकडं पाठ केली. दुसरीच्या गळ्यात टाकून गेले. चूक माझी हाय." समितीतले ते बडे साहेब, ज्यांना दहा मिनिटं थांबायला लागलं होतं, तेच म्हणाले की मावशींचं वय झालं आहे, आता विश्रांती घ्यावी. महिनाअखेर आक्का गावी गेल्या. जाताना कंबरेचं पोत्याचं कापड सोडून त्यांनी माझ्या हातात दिलं. "पोरींस्नी जप," म्हणाल्या. त्यांच्या जागी मला नेमलं.

तेव्हापासून रोज पहिलं ताट मी खाते. रोज वाटी ठेवते. सगळे म्हणतात, सुभद्रामावशी साराक्कांसारख्याच आहेत. ते वाक्य ऐकलं की मला घास उतरत नाही.

तीन वर्षं मी त्यांच्याकडं गेले नाही. माझी नणंद पलूसला असते, तिच्याकडं जायचे आणि आक्कांच्या गावाच्या फाट्यावरून एसटी पुढं गेली की डोळे मिटून घ्यायचे. घरी देवासमोर नारळ ठेवला, उपास धरले. भीती जात नव्हती. शिक्षा कधी येईल ह्याची ती भीती होती. लेकीला साधा ताप आला तरी वाटायचं, आली. शेवटी गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्या फाट्यावर उतरले.

आक्का पुतणीकडं राहत होत्या. उसाच्या रानाकडेला दोन खोल्या. त्या वाळल्या होत्या, चष्मा तोच होता. मला पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि त्यांच्या लोकांच्या रीतीनं सलाम केला. "सलाम गं बाई! सुभे, आलीस व्हय? किती वाट बघायला लावलीस!"

पुतणी रानात गेली होती. आक्कांनी मला पाटावर बसवलं आणि त्या चुलीपाशी गेल्या. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस. आज तू पाव्हणी." मी बसून राहिले. त्यांची पाठ माझ्याकडं होती. समोर तोंड नव्हतं म्हणून बहुतेक मला बोलता आलं.

"आक्का, ती कढी कळकलीवती. मला कळलंवतं."

त्या ढवळत राहिल्या. "ठाव हाय."

"कवापासनं?"

"त्याच दिसापासनं. मी प्रार्थनेहून आले तर फळीवर तुझी वाटी धुतलेली. झाकलेली वाटी न्हाई. कढी बरी लागली असती तर तू एवढ्या घाईत आपली वाटी तेवढी कशापायी धुतली असतीस? आन फडकं. मी उजव्या कानाला बांधलंवतं. तू डाव्याला बांधलंस."

मला बसल्या जागी जमीन गिळेल तर बरं असं झालं. "मग आक्का, ऑफिसात तुमी सांगितलं का न्हाई?"

"माझी चूक मी सांगितली. खरीच हुती ती. देवाच्या नावानं लेकरांचं ताट सोडायला देवानं कवा सांगितलंवतं? तवापासनं मी उपासाच्या दिवशी बी जो कुणी जेवणार त्याच्या आदी घासभर खाते. त्यानं उपास मोडला तर मोडू दे." मग वळून माझ्याकडं बघितलं. "तुझी चूक तू सांगायची हुतीस. तुझं तोंड मी उघडायचं व्हय? मी शेजारी हुबी हुते, सुभे. वाट बघत."

"मला लय भ्या वाटलं, आक्का. सगळी बघत हुती."

"व्हय गं. सगळी बघत हुती. त्यांत त्यो बी बघत हुता, येवढं तुझ्या ध्यानात आलं न्हाई. आन त्यो काय काठी घिऊन हुबा नव्हता. त्यो बी वाटच बघत हुता."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. पदरानं डोळे पुसले तेव्हा म्हणाल्या, "मला सांगितलंस, बरं केलंस. पर माझ्या पोटात कुठं गेलीवती कढी? मोठ्या बाईंस्नी सांग. त्या पोरीच्या आईबापाला सांग. त्यांस्नी अजून वाटत असंल, आपल्या लेकीचं पोटच नाजूक."

"सांगते," मी म्हणाले.

सांगितलं नाही. वर्ष गेलं. मोठ्या बाई रोज सकाळी स्वयंपाकघरात डोकावतात, "काय सुभद्रा, आज काय बेत?" म्हणतात, आणि मी बेत सांगते. मग आक्का गेल्याचा निरोप आला. त्या चर्चमध्ये मोठ्या बाई माझ्यापासून चार हातांवर बसल्या होत्या, पाळक म्हणत होते, ज्याला बोलायचं आहे त्यानं बोलावं, आणि मी उभी राहून तेच केलं जे ऑफिसात केलं होतं. आक्कांची शवपेटी समोर नव्हती, नुसता फोटो होता. फोटोत त्या कॅमेऱ्याकडं बघत होत्या. वाट बघितल्यासारख्या.

शिक्षेची भीती मला आता फारशी वाटत नाही. ती गेली तेव्हा मला वाटलं होतं मोकळं वाटेल. त्या जागी दुसरंच काहीतरी आलं आहे. कुणीतरी ताटावरून उठून गेलं आहे आणि ते माझ्यामुळं, असं वाटत राहतं. आक्का ज्याला भ्या म्हणायच्या ते हेच असेल तर ते मला फार उशिरा कळलं. मोठ्या बाई सोमवारी सुट्टीवरून येतील. माझ्याकडून बोलणं होणार नाही, हे मी आता ओळखून आहे. ही पानं त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि त्या वाचेपर्यंत तिथंच उभं राहायचं. बाहेर जायचं नाही.

मी त्यांच्या गावी गेले त्या दिवशी आक्कांनी माझ्यासाठी कढी-भातच केला होता. मी ताट ओढून घ्यायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "थांब." माझ्या ताटातली कढी आधी त्यांनी चमच्यानं घेतली. डोळे मिटले. मग भिंतीला टेकून बसल्या, हात मांडीवर ठेवून. बाहेर उसाची पानं वाजत होती. मी समोर बसून होते, भूक लागली होती. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. "खा आता. चांगली झालीया." मी सगळी कढी खाल्ली.

निघताना त्या फाट्यापर्यंत येऊ शकत नव्हत्या, दारापर्यंत आल्या. वाटेवरून मी मागं वळून पाहिलं. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या आणि हातात वाटी होती, वर ताटली झाकलेली.

"ती कशाला, आक्का?" मी ओरडून विचारलं.

"उद्या सकाळपत्तोर ठिवते," त्या तिकडून ओरडल्या. "तुला काय झालं तर कळाय नगं व्हय?"